मोहनाचे शास्त्र आणि चहाची नानकटाई

इंग्रजीत 'शॉर्टब्रेड' नावाचा एक पदार्थ आहे. नावावरून तो आखूड पाव असावा असे वाटते. पण तो पावही नाही आणि त्याच्या लांबीरुंदीशी या नावाचा काही संबंधही नाही. इंग्रजीच्या तासाला एका उताऱ्यात हा शब्द आला तेव्हा वर्गातल्या आम्हा बहुतेकांना शब्दकोशाकडेच धाव घ्यावी लागली. 'शॉर्ट' या विशेषणाच्या अनेक अर्थांपैकी एक अर्थ असा आहे, की जे चटकन मोडते, दाताखाली ज्याचा सहज भुगा होतो ते. हा अर्थ त्या भाषेत पंधराव्या शतकापासून चालत आलेला आहे. म्हणजे मराठीत 'खुसखुशीत' म्हटले की काम झाले. ज्या स्निग्ध पदार्थामुळे हा गुण येतो त्याला इंग्रज लोक 'शॉर्टनिंग' म्हणतात. त्यालाही आपल्याकडे शब्द आहे आणि तो कोशात शोधायला नको. दिवाळीच्या आधीचे आठ दिवस कोणत्याही घराच्या स्वयंपाकघरात उभे राहावे, तो कानावर पडतोच. तो शब्द म्हणजे 'मोहन'.

चहाच्या चवीची शॉर्टब्रेड, किंवा आपल्या बोलीत चहाची नानकटाई, घरच्या घरी कशी करावी हे मला या लेखात सांगायचे आहे. कला शाखेच्या विद्यार्थ्याने वार्षिकांकाची पाने पाककृतीने भरावीत हे काही प्राध्यापकांना रुचणार नाही, काही मित्र तर थट्टाच करतील. त्यांना माझे सांगणे एवढेच, की हा विषय जितका पोटाचा आहे तितकाच शब्दांचा आहे. शिवाय एक गोष्ट मला बरेच दिवस खुपत होती. अशा पदार्थाची कोणतीही कृती वाचायला घ्यावी, तिचे पहिलेच वाक्य असते, 'ओव्हन १६० अंशांवर तापवून घ्या.' ज्याच्या घरी ओव्हन नाही त्याने तिथेच पुस्तक मिटायचे. आमच्या घरी ओव्हन नाही. माझ्या वर्गातील बहुतेकांच्या घरी नाही. तेव्हा हे ज्ञान आपल्यासाठी नाही, अशी एक समजूत मनात नकळत बसते. ती समजूत खरी आहे काय, हे पाहण्यासारखे आहे.

प्रथम मोहनाचे पाहू, कारण सगळी गोम त्यातच आहे. गव्हाच्या पिठात दोन प्रकारची प्रथिने असतात. पिठाला पाणी लागले आणि ते मळले, की ही प्रथिने एकमेकांत गुंतून एक चिवट जाळे तयार होते. त्याला ग्लुटेन म्हणतात. पोळी लाटताना फाटत नाही, पाव फुगतो, पुरणपोळीत पुरण मावते, ते या जाळ्यामुळे. पण शंकरपाळी किंवा करंजी अशी चिवट झाली तर ती कोण खाणार? म्हणून पाणी घालण्याआधी पिठाला तूप किंवा तेल चोळायचे. पिठाच्या कणाकणावर स्निग्धतेचे आवरण बसते, पाणी प्रथिनांपर्यंत पुरते पोचत नाही आणि जाळे तुटक राहते. इंग्रजीतल्या 'शॉर्ट'चा जो अर्थ वर सांगितला, तो असा पिठात उतरतो.

माझी आई चौथीपर्यंत शिकलेली आहे. ग्लुटेन हा शब्द तिने ऐकलेला नाही. पण मोहन घातलेले पीठ ती मुठीत दाबून पाहते. मूठ वळली आणि बोटाच्या टिचकीने ती मोडली, की मोहन बरोबर. मूठ वळलीच नाही तर मोहन कमी, आणि मूठ हाताला तुपकट होऊन राहिली तर जास्त. प्रयोगशाळेतल्या कोणत्याही कसोटीला असते तशी या कसोटीला कृती आहे, निरीक्षण आहे आणि निष्कर्ष आहे. दर वर्षी गहू वेगळा, मैदा वेगळा, हवा वेगळी; ग्रॅममध्ये लिहिलेले माप त्यापुढे चुकू शकते, मूठ सहसा चुकत नाही. प्रमाण बिघडले तर काय होते यालासुद्धा मराठीत शब्द आहे. अनारसा तुपात सोडल्यावर पसरून विरघळू लागला तर तो 'हसला' असे म्हणतात. नानकटाईही तूप जास्त झाले की अशीच हसते, पत्र्यावर पसरून पापडासारखी चपटी होते.

मात्र शंकरपाळीचे मोहन आणि नानकटाईचे मोहन यांत एक महत्त्वाचा फरक आहे. शंकरपाळीला किंवा चकलीला मोहन कडकडीत घालतात. कारण पुढे पिठात पाणी किंवा दूध यायचे असते, आणि पातळ गरम तूप त्याच्या आधी पिठात खोलवर भिनते. नानकटाईत पाणी येतच नाही. तिथे तूप थिजलेले लागते. थिजलेले तूप हाताने फेसले की त्यात हवेचे बारीक बुडबुडे अडकतात, रंग पांढुरका होतो आणि तूप लोण्यासारखे हलके बनते. भाजताना हीच हवा प्रसरण पावून पदार्थाला पोकळपणा देते. म्हणून तूप पातळ करून ओतण्याचा सोपा मार्ग इथे उपयोगाचा नाही.

शॉर्टब्रेड मूळची स्कॉटलंडची. तिचे परंपरागत प्रमाण वजनाने एक भाग साखर, दोन भाग लोणी आणि तीन भाग पीठ असे आहे. आपल्या शंकरपाळ्यांचे प्रमाण काय? एक वाटी तूप, एक वाटी साखर, एक वाटी दूध आणि 'मावेल तेवढा मैदा'. यातले 'मावेल तेवढा' हे दोन शब्द माझ्या फार आवडीचे आहेत. स्कॉटलंडचे लोक तीन म्हणून मोकळे झाले. आपण निर्णय हातावर सोपवला. आणखी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. ओव्हन हा तिथल्या सामान्य घरातही पूर्वी सर्रास नव्हता. कित्येक घरांत भाकरीसारखे पदार्थ विस्तवावरच्या सपाट लोखंडी तव्यावर भाजले जात. ओव्हनवाचून अडते ही कल्पना त्या मानाने अलीकडची आहे.

आता आपल्याकडच्या नानकटाईकडे वळू. 'नान' हा फारसी शब्द, अर्थ रोटी किंवा पाव. पुढच्या 'खटाई'विषयी मतभेद आहेत. ती 'खता' देशाची, म्हणजे चीनची, असे काही मानतात. आपल्या आंबट 'खटाई'शी मात्र तिचे नाते नाही. सुरतेला सतराव्या शतकापासून डचांची वखार होती. त्यांच्या पावभट्टीतून पारशी कारागिरांच्या हाती आलेल्या कलेतून नानकटाई घडली, अशी हकीगत सांगतात आणि त्यात सुरतेच्या दोटीवाला घराण्याचे नाव घेतात. दंतकथेचा भाग सोडला तरी परदेशी भट्टी आणि देशी तूप यांचा हा संसार आहे, हे तिच्या चवीवरून पटते.

महाराष्ट्रातल्या शहरांतून आणि तालुक्याच्या गावांतून नानकटाईची एक छान रीत होती. काही ठिकाणी ती अजून आहे. दिवाळीच्या तोंडावर बायका घरी पीठ तयार करीत आणि डबे घेऊन बेकरीत जात. बेकरीवाला लोखंडी पत्रे देई, त्यावर नानकटाया थापून ओळीने भट्टीत सरकवायच्या आणि मजुरी देऊन घरी आणायच्या. रांगेत उभे राहिल्यावर कोणी किती तूप घातले आहे याची चर्चा होई. कोणाची हसली, कोणाची करपली, हे सगळ्या आळीला तिथेच कळे. ओव्हन प्रत्येकाच्या घरी नव्हता, तो गावाचा होता, असे म्हटले तरी चालेल. आता अशा भट्ट्या कमी होत आहेत. मुंबईत हवेच्या प्रदूषणाच्या संदर्भात उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये लाकूड-कोळशावर चालणाऱ्या भट्ट्यांना सहा महिन्यांत दुसऱ्या इंधनाकडे वळण्यास सांगितले. धूर कमी व्हावा हे योग्यच आहे. पण लाकडाच्या भट्टीचा मंद होत जाणारा निखारा नानकटाईला जसा मानवतो तसा दुसरा विस्तव मानवत नाही, असे जुने लोक म्हणतात.

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून इथे थोडे विषयांतर करतो. आज आपण चहात बिस्किट बुडवतो ते कोणाला न विचारता. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये एका व्याख्यानाला प्रतिष्ठित मंडळी जमली होती. न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळक होते. मिशनऱ्यांनी पाहुण्यांपुढे चहा-बिस्किटे ठेवली. गोपाळराव जोशी यांनी हजर असलेल्यांची नावे वर्तमानपत्रात छापून आणली आणि पुण्यात ग्रामण्य उभे राहिले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, बहिष्कार झाले, प्रायश्चित्ते झाली; रानड्यांनीही पुढे प्रायश्चित्त घेतले. कपभर चहाची एवढी किंमत! आमच्या घराण्याला या वादाची झळ लागली नसावी, कारण चहाच आमच्या गावात आजोबांच्या उमेदीच्या काळात आला. बेकरीची वस्तू तर त्यानंतरही बरीच वर्षे आजारी माणसाला बघायला जातानाच विकत घेतली जाई.

असो. चहा नानकटाईत उतरवायचा कसा, हा आता मुख्य प्रश्न. सहज सुचणारा उपाय म्हणजे कडक चहा उकळून तो पिठात घालणे. तो उपाय वर सांगितलेल्या कारणामुळेच बाद होतो. चहा म्हणजे शेवटी पाणी. ते आले की ग्लुटेनचे जाळे विणले जाणार आणि नानकटाई चिवट होणार. उकळून राहिलेला चोथा वाळवून घालावा, तर त्यातला सुवास कपात गेलेला असतो. तेव्हा कोरड्या चहापुडीशिवाय गती नाही.

आपण रोज पितो तो दाणेदार चहा सी.टी.सी. पद्धतीचा असतो. पाने चिरडायची, फाडायची आणि वळवून गोळी करायची, अशी ती यंत्राची पद्धत १९३० च्या सुमारास आसामात निघाली. कमी वेळात जास्त रंग आणि जास्त कडकपणा उतरावा हा तिचा हेतू. दुधाच्या चहाला ती उत्तम. नानकटाईत मात्र हे दाणे तसेच टाकले तर दाताखाली वाळू आल्यासारखे वाटते. म्हणून चहापूड खलबत्त्यात किंवा मिक्सरमध्ये अगदी बारीक करून वस्त्रगाळ करावी. आयुर्वेदातली चूर्णे गाळतात तशी. वर राहिलेला जाडा भाग फेकू नये, त्याचा उपयोग लगेच आहे.

चहात ढोबळमानाने दोन गोष्टी असतात. एक त्याचा सुवास, जो उडून जाणाऱ्या तैलद्रव्यांत असतो आणि तुपात चांगला मुरतो. दुसरा त्याचा तुरटपणा, जो पाण्यात उतरतो, तुपात जवळजवळ उतरत नाही. हे एकदा ध्यानात आले की चव आपल्या हातात येते. जाडा राहिलेला चहा तुपात घालून ते तूप अगदी मंद आचेवर कोमट ठेवावे; बोट सहज बुडवता येईल इतकेच गरम. वीस मिनिटांनी ते फडक्यातून गाळून घ्यावे. या तुपाला चहाचा वास येतो, पण जिभेला ते तुरट लागत नाही. तुरटपणा आणि रंग पाहिजे तेवढा वस्त्रगाळ पुडीने द्यायचा. नुसती पूड घातली तर चव कडवट आणि उथळ लागते, नुसते तूप वापरले तर चहा आहे की नाही अशी शंका येते. दोन्ही मिळून जे होते त्याला मी चहा म्हणेन.

नानकटाईत सहसा खायचा सोडा किंवा बेकिंग पावडर घालतात, त्यामुळे वर भेगा पडतात. चहाच्या नानकटाईत सोडा घालू नये. कोऱ्या चहात लिंबू पिळले की तो फिका होतो, हे आपण पाहतो. सोड्याने त्याच्या उलट होते, चहाचा रंग काळपट पडतो. स्कॉटलंडच्या शॉर्टब्रेडमध्येही सोडा नसतोच; फेसलेल्या लोण्यातली हवा तिला पुरते.

आता प्रमाण. मैदा १२५ ग्रॅम, बारीक रवा २५ ग्रॅम, साजूक तूप ९० ग्रॅम, पिठीसाखर ६० ग्रॅम, चवीला चिमूटभर मीठ, एका वेलदोड्याची पूड, दोन चमचे चहा तुपात मुरवायला आणि दीड चमचा वस्त्रगाळ पूड. वजनकाटा नसेल तर साधारण १५० मिलीलिटरच्या वाटीने मैदा दीड वाटी, तूप पाऊण वाटीला थोडे कमी, साखर पाऊण वाटी आणि रवा अडीच मोठे चमचे. तुपातले आठ-दहा ग्रॅम चोथ्यात अडकून जाते, ते या मापात धरले आहे. लोणी वापरायचे असल्यास शंभर ग्रॅम घ्यावे, कारण लोण्यात शेकडा सोळा ते अठरा भाग पाणी असते. तुपात ते जवळजवळ नसते, म्हणून तुपाची नानकटाई अधिक खुसखुशीत होते. लोण्याची अधिक तांबूस आणि खमंग होते, कारण दुधातले घन भाग त्यात राहिलेले असतात. कोणती चांगली याचा वाद ज्याने त्याने आपल्या जिभेशी घालावा. आल्याचा चहा आवडणाऱ्यांनी ओले आले घालू नये, त्यात पाणी असते, सुंठ घालावी.

गाळलेले तूप थिजू द्यावे. मे महिन्यात आमच्याकडे तूप थिजता थिजत नाही, तेव्हा भांडे माठातल्या गार पाण्याच्या परातीत ठेवावे. थिजल्यावर ते तळहाताने दहा मिनिटे फेसावे, मग साखर घालून पुन्हा पाच मिनिटे. मैदा, रवा, मीठ, वेलदोडा आणि चहाची पूड एकत्र चाळून त्यात मिसळावी. इथे पोळीची कणीक मळण्याची हाताची सवय विसरायला हवी. मळायचे नाही, फक्त गोळा करायचा. पीठ कोरडे वाटले तरी पाण्याचा थेंब घालू नये. मुठीची कसोटी लावावी आणि लागलेच तर चमचाभर तूप वाढवावे. गोळा अर्धा तास झाकून गार जागी ठेवावा, म्हणजे रवा मुरतो. मग लिंबापेक्षा लहान अशा चोवीस गोळ्या करून त्या किंचित दाबाव्यात.

राहिली भट्टी. जाड बुडाचे मोठे पातेले घ्यावे. त्यात दोन बोटे जाडीचा खड्या मिठाचा किंवा स्वच्छ धुऊन वाळवलेल्या वाळूचा थर पसरावा, त्यावर अडणी ठेवावी आणि घट्ट झाकण लावून मध्यम आचेवर दहा-बारा मिनिटे तापू द्यावे. पुष्कळ लोक यासाठी कुकर वापरतात. पण पाण्याशिवाय तापवल्याने कुकरचे आयुष्य कमी होते, म्हणून पातेलेच बरे. मीठ किंवा वाळू आच सगळीकडे सारखी पसरवते आणि ज्वालेचा चटका अडवते. तूप लावलेल्या ताटलीत गोळ्या अंतर ठेवून मांडाव्यात आणि ताटली अडणीवर ठेवून आच अगदी बारीक करावी. पहिल्यांदा एकच गोळी भाजून पाहणे शहाणपणाचे. ती हसली तर उरलेल्या पिठात चमचाभर मैदा मिसळता येतो. चोवीसही हसल्यावर काही करता येत नाही.

अशा भट्टीत आच खालून येते, वरून फारशी नाही. त्यामुळे वरचा रंग पाहून बसू नये. वीस मिनिटांनी एक उचलून तिचा तळ पाहावा. चहामुळे पीठ आधीच तपकिरी असते, म्हणून रंगापेक्षा वासावर भरवसा ठेवावा. कच्च्या मैद्याचा वास जाऊन भाजल्याचा खमंग वास आला की झाले. वरूनही आच हवी असेल तर त्याला आपल्याकडे जुना उपाय आहे. गोव्यात बेबिंकाचे थर झाकणावरच्या निखाऱ्यांवर भाजतात, कोकणात काकडीचे धोंडस खाली-वर विस्तव ठेवून करतात. चूल असेल त्यांनी पातेल्याच्या झाकणावर चार निखारे ठेवून पाहावेत. घरात ओव्हन नव्हता असे आपण म्हणतो खरे. पण हे पातेले, हे झाकण आणि हे निखारे म्हणजे ओव्हन नाही तर दुसरे काय?

उतरवल्यावर नानकटाई मऊ लागते. ती कच्ची राहिली असे समजून पुन्हा आचेवर ठेवू नये. गरम असताना तूप पातळ असते. निवताना ते थिजते, साखरही घट्ट होते आणि मगच खुसखुशीतपणा येतो. पंधरा मिनिटे ताटलीला हात लावू नये. घरात लहान भावंडे असतील तर ही कृतीतली सर्वांत कठीण पायरी आहे.

साजूक तूप परवडत नाही म्हणून वनस्पती तूप वापरावे काय, असा प्रश्न माझ्या एका मित्राने विचारला. वनस्पती तूप थिजलेले राहते, म्हणून बेकरीवाल्यांना ते सोयीचे. पण तेल घट्ट करण्याच्या क्रियेत त्यात जे ट्रान्स मेद तयार होतात ते हृदयाला अपायकारक आहेत. ते प्रमाण शेकडा दोनच्या आत असले पाहिजे, असा नियम आपल्या देशात जानेवारी २०२२ पासून लागू झाला आहे. तरीही माझे मत असे, की त्यापेक्षा अर्धी नानकटाई करावी आणि तुपाची करावी.

वरच्या मापाने चोवीस नानकटाया होतात. वस्त्रगाळ पूड दीड चमचा, म्हणजे सुमारे चार ग्रॅम. चहात वजनाच्या शेकडा तीनच्या आसपास कॅफिन असते, तेव्हा एका नानकटाईत ते पाच मिलिग्रॅमच्या आसपास भरते. अभ्यासासाठी रात्री जागायचे असेल तर तेवढ्याने काही होणार नाही. त्यासाठी कपातलाच चहा घ्यावा. लहान मुलांना एखादी द्यायला हरकत नाही.

गार झाल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात भराव्यात. पहिल्या दिवशी तुपाचा आणि चहाचा वास वेगवेगळा येतो, दुसऱ्या दिवशी दोन्ही एक होतात. डब्यात आठ-दहा दिवस चांगल्या राहतात. पावसाळ्यात हवेतला ओलावा ओढून मऊ पडल्या, तर तेच मिठाचे पातेले तापवून पाच मिनिटे आत ठेवाव्यात आणि निवू द्याव्यात. ते मीठ मात्र आमटीत घालू नये; बरणीत वेगळे भरून ठेवावे, पुढच्या खेपेस कामाला येते.